पाऊस, उकाडा आणि पहाटेचं धावणं: गोव्यातल्या धावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही दहा-बारा जण आठवड्यातून चार दिवस पहाटे फर्मागुडीच्या आसपास धावतो. गटाला नाव नाही, छापील टी-शर्ट नाही, वर्गणी नाही. व्हॉट्सअ‍ॅप मात्र आहे, आणि एप्रिल सरत आला की त्यावर तेच ते प्रश्न पडायला लागतात. दरवर्षी त्याच उत्तरांसाठी अंगठा झिजवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही. अकरा पावसाळे इथे धावलोय आणि त्यातल्या एकाचा अर्धा भाग पाय वर करून घरात काढलाय, एवढीच माझी पात्रता.

जून ते सप्टेंबर सरळ सुट्टी घेतली तर काय बिघडतं?

बिघडतं ते ऑक्टोबरात कळतं. दोन-तीन आठवडे बसलं की दमसास उतरायला लागतो. चार महिने बसलात तर श्रीगणेशाच करावा लागतो, आणि तोही ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट मुहूर्तावर. मग दोन आठवडे हाल सोसून माणूस म्हणतो, थंडीत बघू. गोव्यात थंडी येते कधी आणि जाते कधी ते तुम्हाला ठाऊकच आहे.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. आकडा ऐकून वाटतं, आभाळ चोवीस तास फाटलेलं असणार. पण पाऊस सरींनी येतो. वीस मिनिटं झोडपतो, मग दम खातो. मी वहीत नोंद ठेवतो. पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान घराबाहेर पाऊलच टाकता आलं नाही, असे दिवस जुलैतसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. बाकीचे दिवस आपण पावसामुळे बुडवत नाही, पावसाच्या आवाजामुळे बुडवतो. अंथरुणात पडून कौलांवरची सर ऐकली की ती आहे त्याच्या दुप्पट वाटते. पत्र्याखाली झोपणाऱ्याला तिप्पट.

म्हणून आमचा नियम एकच: वार आपण ठरवायचा, बाकीचं पावसाला ठरवू द्यायचं. मंगळवार म्हणजे मंगळवार. आठाचे तीन किलोमीटर झाले, रस्त्याऐवजी जिना झाला, तरी वहीत मंगळवारपुढे काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. पावसाळ्यात वेग वाढवायचा, विक्रम मोडायचा, असले बेत आखूच नयेत. या चार महिन्यांत आहे ते राखलं तरी पुष्कळ.

पावसापेक्षा मे महिना वाईट, असं तुम्ही सारखं म्हणता. ते का?

कारण पाऊस अंग थंड ठेवतो आणि मे ते होऊ देत नाही.

सोलापूर-पुण्याकडचे नातेवाईक आपल्या 33-34 अंशांना हसतात. त्यांच्याकडे 41 असतात. पण अंग थंड होतं ते घाम वाळल्याने, नुसता गळल्याने नाही. हवा आधीच पाण्याने भरलेली असली की घाम कातडीवरून उठत नाही, टपटप खाली पडतो आणि आतली उष्णता आतच राहते. 32 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असली तर अंगाला ते सुमारे 42 अंशांसारखं जाणवतं. त्यात आपण धावून स्वतःची भट्टी पेटवलेली. हृदयाला एकाच वेळी पायांनाही रक्त पुरवायचं असतं आणि थंड व्हायला कातडीकडेही पाठवायचं असतं. म्हणून डिसेंबरात गप्पा मारत जो चढ चढता, तोच चढ मे महिन्यात धाप लावतो. तुम्ही कमजोर झालेले नसता, हवा जड झालेली असते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मेचा तिसरा आठवडा होता. उशिरा जाग आली, तरी हट्टाने साडेआठला म्हार्दोळहून निघालो. फर्मागुडीच्या चढावर, डोक्यावर रखरखीत ऊन असताना, हातावर सरसरून काटा आला. चक्क थंडी वाजल्यासारखं झालं. मला वाटलं, वा, वारा सुटला. वारा कुठचा! झाडाचं पान हलत नव्हतं. ते शरीर हात टेकत असल्याचं लक्षण होतं. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानातल्या काकूंनी काही न विचारता तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं आणि दुसरा तांब्या हातात दिला. तिथून घरी रिक्षाने आलो. उन्हात काटा आला तर तिथेच थांबायचं, हे त्या दिवसापासून पाठ झालं.

मे महिन्यात काय करावं, तर घड्याळातला वेग बघणं सोडावं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने पळा. ‘हो’ आणि ‘नाही’च बोलता येत असेल तर गती जास्त आहे. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. माझा वेग मे महिन्यात किलोमीटरमागे जवळजवळ मिनिटभराने पडतो आणि आता त्याचं मला काही वाटत नाही. उकाड्याची सवय लागायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. या दिवसांत रोज थोडं थोडं धावलं की घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. ही कमाई एसीत बसून राहिलं की दोन-तीन आठवड्यांत आटते. बाहेरगावाहून सुट्टीला येणाऱ्यांनी तर पहिल्याच सकाळी पराक्रम करूच नये.

कोणाला चक्कर आली तर लिंबू-पाणी दिलं की भागतं ना?

माणूस शुद्धीवर असेल, नीट बोलत असेल, फक्त गरगरत असेल तर सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. बहुतेक वेळा भागतं.

पण असंबद्ध बोलायला लागला, पाय भेंडाळले, ओळखीच्या रस्त्यावर ‘आपण कुठे आहोत’ असं विचारायला लागला तर तो उष्माघात समजा. ते लिंबू-पाण्याचं काम नाही. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत गार करत राहा: विहीर, नळ, पाइप, जे मिळेल ते अंगभर ओता, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. अशा वेळी मिनिटांना किंमत असते. आधी दवाखान्यात नेऊ आणि मग गार करू, हा क्रम उलटा आहे.

पहाटे नक्की किती वाजता निघायचं?

मे अखेरीस गोव्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सातच्या आसपास. म्हणून आम्ही उन्हाळ्यात सव्वापाचला निघतो, पावसाळ्यात पावणेसहाला. पावसाळ्यात उशिरा, कारण अंधारात खड्डा दिसत नाही, आणि खड्ड्याशिवायही बरंच काही दिसत नाही.

पहिली गोष्ट, गुरं. पावसात शेतं आणि कडेची माती ओली असते, डांबर त्या मानाने कोरडं. त्यामुळे गायी-बैल रस्त्याच्या मधोमध बसतात, आणि काळी गाय अंधारात तिच्या अंगावर जाऊन आदळेपर्यंत दिसत नाही. आमच्यातल्या एकाने हे सप्रयोग सिद्ध केलं आहे. गाय उठलीसुद्धा नाही. दुसरी गोष्ट, साप. बिळात पाणी शिरलं की ते रस्त्यावर येतात. घोणस, मण्यार, फुरसं, नाग हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. कपाळावरचा दिवा लावा, कानातली गाणी बंद ठेवा, गवतातून जाणारी आडवाट पावसाळ्यापुरती सोडा. चावलाच तर पाय हलवू नका, घट्ट दोरी बांधू नका, कापू नका. सरळ प्रतिविष असलेलं सरकारी इस्पितळ गाठा.

संध्याकाळी धावणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त मे आणि ऑक्टोबरात संध्याकाळचा गडगडाट ठरलेला असतो.

विजेचं काय? लांब कडाडत असेल तर धावलं तर चालतं?

नाही. या एका बाबतीत मी घासाघीस करत नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, पाऊस पडत नसला तरीही. चमक आणि आवाज यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच. माडाखाली, बसथांब्याच्या पत्र्याखाली, मोकळ्या सड्यावर उभं राहायचं नाही. फर्मागुडीचं पठार उघडं आहे, तिथे आपणच सगळ्यात उंच असतो.

आणि वीज नसली तरी वाऱ्याच्या दिवशी माडाखालून धावू नका. नारळाची भीती सगळ्यांना असते, प्रत्यक्षात अंगावर येतात ती चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या. भिजलेलं चुडत किती जड असतं ते एकदा उचलून बघा.

हवामान खात्याचा कुठला रंग असला तर घरी बसायचं?

लाल असला तर बसा. नारिंगी असला तर घराजवळच्या घराजवळ, छोटं. पिवळा असला तर नेहमीसारखं, डोळे उघडे ठेवून. खात्याच्या मोजणीत 24 तासांत 64.5 मिलीमीटरपासून पाऊस ‘जोरदार’ धरतात, 115.6 पासून ‘अति जोरदार’, 204.5 पासून ‘अत्यंत जोरदार’. मी पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा बघतो. पाऊस भिजवतो तेवढंच, वारा झाडं पाडतो आणि झाडं तारा पाडतात. तुटलेली तार पाण्यात पडलेली असेल तर त्या पाण्याच्या जवळही फिरकू नका.

पावसाळ्यात धावायला गोव्यात चांगली जागा कुठली?

यावर मला तासभर बोलता येईल.

पणजीकरांचं बरं आहे. कांपालपासून मांडवीच्या कडेने मिरामार आणि तिथून दोना पावला. मिरामारपासून दोना पावला साधारण तीन किलोमीटर, रस्ता सपाट, दिवे आहेत, झाडंही आहेत. पाऊस वाढला तर आडोसा मिळतो. वारा मात्र समुद्राकडून येतो, तेव्हा जाताना वाऱ्यात जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलट केलंत तर भिजलेलं अंग परतताना गारठतं. चढ हवा असेल तर आल्तिनो आहे. पण तिथल्या जुन्या पायऱ्यांना जुलैत हिरवी शाल चढते. त्यांवरून उतरू नका.

पायऱ्यांवरून आठवलं. माझा तो अर्धा पावसाळा असाच गेला. देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या, वरून चारच पावलं, रोजच्या ओळखीच्या. चिरा म्हणजे आपला जांभा. तो सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, त्यावर शेवाळ साबणासारखं बसतं. मला घसरल्याचं आठवतच नाही, एकदम बसलेलाच आठवतो. घोटा आंब्याएवढा सुजला, सहा आठवडे धावणं बंद. चिऱ्याची पायरी, चिऱ्याची गडगा-वाट, चिऱ्याचं अंगण, पावसाळ्यात तिथे चालायचं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि फेरी धक्क्याचा उतार यांनाही हाच नियम.

रायबंदरचा बांध, म्हणजे पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेला पूल-रस्ता, एका बाजूला खारफुटी आणि मिठागरं, फारच देखणा. पण अरुंद आहे आणि गाड्या लवकर सुरू होतात. रविवारी उजाडताच गेलात तर ठीक. त्यापेक्षा फेरीबोटीने दिवाडीला जा. मोटारी कमी, दोन्ही बाजूंना भातशेती, मधे पियेदादचा एक सणसणीत चढ. श्रावणात तिथली हिरवाई बघून माणूस वेग विसरतो. खाजन जमिनीचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, मातीचे बांध मात्र टाळा. ते पाणी अडवायला बांधलेत, आपल्या पायाखाली खचायला नाहीत.

बांबोळीला अ‍ॅथलेटिक्सचं स्टेडियम आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतल्या अ‍ॅथलेटिक्सच्या शर्यती तिथेच झाल्या. मडगावकरांना फातोर्डा, म्हापसेकरांना पेडे. आत जाण्याच्या वेळा आधी विचारून ठेवा, पाऊस बघून धावत गेलो आणि फाटक बंद, असं व्हायला नको.

आमच्या फोंड्याकडे सपाट रस्ता शोधून सापडत नाही. फर्मागुडीच्या गोपाळ गणपतीपासून सुरू करून पठारावरच घिरट्या घालतो, कारण पाणी पठारावर साचत नाही, खाली वाहून जातं. हा धडा सगळीकडे लागू आहे. मुसळधार पावसात उंचावर धावा, सखल भागात नको. डिचोली-साखळीकडच्या मित्रांनी खनिजाच्या ट्रकांचा रस्ता सोडून आतली गावं धरावीत.

किनाऱ्यावर धावलं तर? वाळू मऊ असते ना?

जानेवारीत धावा, मजा आहे. पावसाळ्यात किनारा अर्धा होतो, भरतीला काही ठिकाणी उरतच नाही, आणि एक लाट गुडघ्यापर्यंत येते ती माघारी जाताना पाय ओढते. जीवरक्षक पाण्यात उतरू नका म्हणतात तेव्हा पाण्याच्या रेषेवर धावणंही त्यातच आलं. मेपासून पुढे किनाऱ्यावर काळे तेलगोळेही येतात. तळव्याला चिकटले तर घासत बसू नका, खोबरेल तेल चोळा आणि जुन्या फडक्याने पुसा. बुटाच्या तळाला चिकटले तर बूट घरात नेऊ नका, एवढंच सांगतो. आमच्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता.

शिवाय ओली वाळू समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने लांब धावलात तर एक गुडघा कुरकुरतो. जितकं गेलात तितकंच परत या.

बूट वाळतच नाहीत. काय करू?

पावसाळ्यातला खरा प्रश्न हा आहे. धावायची हिंमत असते, पण सकाळी कालचा ओला बूट पायात घालायची नसते.

आल्या आल्या बूट उंबऱ्याबाहेर काढा. नाड्या पूर्ण सोडा, जीभ बाहेर ओढा, आतला गादीसारखा सोल उपसून वेगळा ठेवा. चिखल नळाखाली धुऊन टाका, चिखल तसाच वाळला तर कापड कडक होतं. मग वर्तमानपत्र चुरगळून आत कोंबा, अगदी बोटांपर्यंत. अर्ध्या तासाने ते पान भिजून लगदा होतं, ते काढून दुसरं. पुन्हा दोन तासांनी तिसरं. मराठी पेपर जास्त पाणी पितो की इंग्रजी, याबद्दल आमच्या गटात दोन तट आहेत. रंगीत चकचकीत पुरवणी मात्र कोणाचीच कामाची नाही. रात्री पंख्यासमोर, बूट भिंतीला टेकवून, तोंड खाली. चुलीजवळ, गिझरवर, गाडीच्या बॉनेटवर ठेवू नका. डिंक सुटतो आणि सोल एका बाजूने वर येतो.

तरीही एका रात्रीत बूट वाळत नाही, म्हणून दोन जोड लागतात. दुसरा जोड नवा नसला तरी चालतो. गेल्या वर्षीचा, वरून जरा झिजलेला, पण तळाची नक्षी शाबूत असलेला जोड पावसाळ्यासाठी राखून ठेवा. नक्षी गुळगुळीत झालेला जोड बाजारात जायला वापरा. कपाटात बंद करून ठेवू नका, आठवड्यात बुरशीची पांढरी लव येते.

अंग सोलवटतं आणि बोटांत चिखल्या होतात, त्याचं काय?

सुती बनियन आणि सुती मोजे पावसाळ्यात बंद. सूत पाणी धरतं, जड होतं, कानशीसारखं घासतं. निघण्यापूर्वी मांड्या, काखा, पुरुषांनी छातीवर, बायकांनी अंतर्वस्त्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन लावा. खोबरेल तेलही चालतं, पण पावसात लवकर धुतलं जातं.

चिखल्यांचं मूळ ओल. आल्यावर पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने एकेक करून पुसा. कंटाळवाणं आहे, पण औषधापेक्षा उपयोगी. तरी खाज आणि भेगा आल्याच तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ मागून आणू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. खाज चार दिवसांत थांबते, बुरशी आत पसरते आणि जांघेतल्या गजकर्णासारखी वर्षभर सोबत करते.

साचलेल्या पाण्यातून गेलं तर लेप्टो होतो का?

होऊ शकतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून आत शिरतात. पायाला फोड, ओरखडा, सोलवटलेली टाच असेल तर डबक्यातून जाऊच नका. गेलात तर घरी आल्यावर साबणाने धुवा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना ‘पाण्यातून धावलो होतो’ हे आपणहून सांगा. त्यांना ते मनाने कळणार नाही.

सासूबाई म्हणतात पावसात धावलं की ताप येतो. त्यांना काय सांगू?

ताप विषाणूने येतो, पावसाने नाही, हे त्यांना सांगून उपयोग नाही. घरी आल्यावर पहिलं काम म्हणून डोकं पुसा, कोरडे कपडे घाला आणि त्यांच्या हातची गरम पेज मागा. पेज मागितलेल्या सुनेवर कोणी रागावत नाही. ओल्या कपड्यांत दारात उभं राहून गप्पा मारणं हे मात्र खरंच वाईट.

रेनकोट घालून धावू का?

नको. आत घामाने भिजाल, म्हणजे बाहेर पाऊस आणि आत मे महिना. पुढे झाप असलेली टोपी घाला, डोळ्यांत पाणी जात नाही आणि चष्माही वाचतो. मोबाइल धुतलेल्या दुधाच्या पिशवीत रबर लावून ठेवा.

पाणी किती प्यायचं? आणि नारळपाणी पुरतं का?

पाऊण तासापर्यंत धावत असाल तर बरोबर बाटली नसली तरी चालतं, मे सोडून. त्याहून लांब असेल तर तहानेच्या बरोबरीने घोट घोट. एकदा करून बघा: धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लीटर गेलं. हा हिशोब प्रत्येकाचा वेगळा. आमच्यातला एक जण तासात दीड लीटर गाळतो, त्याच्या मागून धावायला कोणी तयार नसतं.

नारळपाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, आणि घामात जातं ते मुख्यतः सोडियम. तेव्हा चिमूटभर मीठ घाला. (कोकणीत शहाळ्याला आडसर म्हणतात. घाटावरून आलेल्या आमच्या एका मित्राला बरेच दिवस वाटायचं की रस्त्यात ठिकठिकाणी अडसर विकायला ठेवलेत.) घरचं पाणी हवं असेल तर लीटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. कोकम सरबतात मीठ असतंच. माझं मत विचाराल तर धावून आल्यावर पातळ पेज आणि बरोबर मिठातलं तोर, म्हणजे कोवळी कैरी, याला तोड नाही. पाणी, मीठ, पिष्ट सगळं एका वाडग्यात, आणि किंमत काहीच नाही.

उलट चूकही होते. घाबरून तीन-चार लीटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे फेफरंही येऊ शकतं. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली आणि वजन वाढलं तर पाणी जास्त झालंय.

कुत्री मागे लागतात.

धावायचं थांबवा. पळणारी वस्तू दिसली की ती मागे येतात, उभ्या माणसाचा त्यांना लवकर कंटाळा येतो. तोंड त्यांच्याकडे ठेवून, डोळ्याला डोळा न भिडवता, हळूहळू मागे सरका. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. ‘ओळखीचं कुत्रं होतं’ हे कारण ऐकून घेतलं जाणार नाही.

पहाटे एकट्या बाईने जावं का?

धैर्याचा प्रश्नच नाही, रस्त्यावर माणसं आहेत की नाहीत ते बघा. पावसाळ्यात रस्ते नेहमीपेक्षा रिकामे असतात. आमच्या गटातल्या बायका पोदेराच्या भोंग्याची वेळ धरून निघतात. पाववाला फिरायला लागला म्हणजे घरांची दारं उघडली. जोडीने जा, घरी रस्ता सांगून जा. नाहीतर उजाडेपर्यंत थांबा. पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही.

बाहेर पडणं शक्यच नसेल तर?

जिना. तीन मजले, वीस मिनिटं, चढताना दमाने आणि उतरताना कठड्याला हात लावून. जुन्या घरात राहत असाल तर बाल्कांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, दोरीच्या उड्या. ट्रेडमिल असेल तर एक टक्का चढ ठेवा आणि समोर पंखा लावा. मला ट्रेडमिल आवडत नाही, त्यामुळे यावर जास्त विचारू नका.

मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात कशी बसवायची?

उलटं मोजा. मुंबईची शर्यत जानेवारीत, साधारण तिसऱ्या रविवारी. 16 आठवडे मागे गेलात की सप्टेंबरची अखेर. म्हणजे पाऊस संपताना तयारी सुरू, आणि लांब पल्ल्याचे पहिले रविवार ऑक्टोबरच्या चटक्यात. ते रविवार पाण्याच्या जागा ठरवूनच धावा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायची असेल तर गणित वेगळं. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते, म्हणजे सगळी तयारी जून-जुलै-ऑगस्टच्या धारांत. चढाची चिंता फोंडेकरांनी करू नये. 2019 पासून पणजीत आयर्नमॅन 70.3 होते. 1.9 किलोमीटर पोहणं आणि 90 किलोमीटर सायकल झाल्यावर वर 21.1 किलोमीटर धावणं, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उकाड्यात. एकदा मिरामारला उभं राहून त्या लोकांच्या तोंडाकडे बघा, मे महिन्यावरचं वरचं उत्तर पुन्हा वाचावंसं वाटेल.

चवथीला, म्हणजे गणपतीत, आठवडाभर खंड पडला. आता?

पडू द्या. चवथीत कोणी धावत नाही, आम्हीही नाही. माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायची की बूट? आठवड्याच्या खंडाने काही जात नाही, परतल्यावर पहिले दोन दिवस हळू धावा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर आधीच्या अर्ध्या अंतरापासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. बुडालेलं भरून काढायला एका रविवारी दुप्पट धावणारा पुढच्या रविवारी फिजिओथेरपिस्टकडे दिसतो. तापातून उठला असाल, विशेषतः डेंग्यूतून, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत फक्त चाला. आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, हिशोब कोणी विचारत नाही.

आत्ता इथे धो धो कोसळतोय. आज येऊ का?

हा प्रश्न पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी येतो, दर मंगळवारी, वेगवेगळ्या नंबरांवरून. तुमच्याकडे बांदोड्यात पडत असेल, इकडे वर थांबलाय. गडगडाट नाही, वाराही नाही. पावणेसहाला गोपाळ गणपतीपाशी या. टोपी आणा, आणि घरात जुना पेपर शिल्लक आहे का ते निघण्यापूर्वी बघून ठेवा.